कॅम्परमधला डिझेल हीटर थंडीत मध्यरात्री बंद पडतो, तेव्हा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या गाडीशी जुळत असलं तर पुढचं कामाचं आहे.

- स्विच दाबला की पंखा फिरतो, दोन-तीन मिनिटांत खालच्या नळीतून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतो, पण गरम हवा येत नाही. हीटर आपणहून दुसऱ्यांदा प्रयत्न करतो आणि एरर दाखवून गप्प होतो.
- संध्याकाळी झकास चालतो, पहाटे दोन-तीनला बंद पडतो. सकाळी ऊन वर आलं की काहीही न करता सुरू होतो.
- पुण्यात किंवा महाबळेश्वरला कधी तक्रार नाही. साडेतीन हजार मीटरच्या वर गेला की रडायला लागतो.
- चालू राहतो, पण धूर काळा येतो आणि दर ट्रिपला गरम हवा आधीपेक्षा कमी.
- सुरू करताना गाडीतले दिवे मंद होतात किंवा कंट्रोलरचा डिस्प्ले विझून परत लागतो.

माझी गाडी जुनी फोर्स ट्रॅव्हलर, मागे दोन झोपायच्या जागा आणि सीटखाली चिनी बनावटीचा पाच किलोवॅटचा डिझेल हीटर. हीटर बंद पडण्याची ही तक्रार मी माझ्या गाडीत तीनदा आणि मित्रांच्या गाड्यांत चारदा निस्तरली आहे. सातपैकी फक्त एकदा हीटर खरोखर बिघडला होता. बाकी वेळी दोष वायरचा, डिझेलचा किंवा हवेचा होता, आणि तरी पहिल्या वेळी मी स्पॅनर घेऊन थेट हीटरच उघडला. म्हणून आता पायरी सोडून वर चढत नाही.

चार ओळींत यंत्र समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. बॅटरी ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी छोटी कांडी, तापवून लाल करते. गाडीखालचा छोटा पंप टक-टक करत डिझेलचे मोजके थेंब पाठवतो. एक पंखा बाहेरची हवा जळणाऱ्या भांड्यात ढकलतो आणि धूर नळीने गाडीखाली बाहेर टाकतो. दुसरा पंखा गाडीतली हवा त्या भांड्याच्या बाहेरून फिरवून गरम करतो. या दोन हवा एकमेकींना कधीही भेटता कामा नयेत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर पुढे परत येतो.

पैसे न लागणारी तपासणी

टॉर्च घ्या, गाडीखाली वाका. धुराची नळी आणि बाहेरची हवा ओढणारी नळी, दोन्हींची तोंडं बघा. बर्फ, चिखल, गवत यातलं काहीही अडकलेलं असू शकतं. मागचं चाक चिखल नेमका तिथेच उडवतं. बर्फात गाडी रात्रभर उभी असेल तर चाकांभोवती साचलेला बर्फ सकाळपर्यंत नळीच्या तोंडाला टेकतो. दोन नळ्यांची तोंडं जवळजवळ असतील तर हीटर स्वतःचाच धूर ओढतो आणि गुदमरतो. त्यांना विरुद्ध दिशेला वळवा.

आत येऊन हवा ओढणारी जाळी बघा. तिच्यासमोर स्लीपिंग बॅग किंवा बूट टेकलेले नसावेत. आत हवा कमी गेली तर भांडं तापतं आणि हीटर जास्त गरम झाल्याचा एरर देऊन बंद पडतो. बाहेर उणे पंधरा असताना हीटर "जास्त गरम झालो" म्हणतो, हे ऐकून माणूस चक्रावतो, पण कारण बहुतेक वेळा एखादी चादर असते.

आता टाकी. गाडीच्या मुख्य टाकीतून जोडणी असेल तर हीटरची नळी मुद्दाम तळापासून वर ठेवलेली असते, म्हणजे रात्रभर हीटर चालला तरी सकाळी इंजिनापुरतं डिझेल उरतं. परिणामी काटा पाव टाकी दाखवतो आणि हीटर उपाशी. चढावर तिरकी उभी केलेली गाडी तर अर्ध्या टाकीवरही हा चकवा देते. मित्राच्या गाडीत यापायी अख्खी रात्र कुडकुडत गेली, सकाळी दहा लिटर डिझेल ओतलं आणि प्रश्न संपला.

आणि कंट्रोलरवरचा कोड लिहून ठेवा. या चिनी हीटरांत बहुतेक कंट्रोलरवर ई-०१ म्हणजे व्होल्टेज कमी, ई-०८ म्हणजे पेटलेली ज्योत विझली, ई-१० म्हणजे पेटलाच नाही. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, तेव्हा आपल्या पुस्तिकेवरच विश्वास ठेवा. कोड आजार सांगत नाही, फक्त कुठे दुखतंय ते सांगतो.

मल्टीमीटर काढा

सगळ्यात जास्त गुन्हेगार इथे सापडतात. सुरू होताना ग्लो प्लग आठ-दहा अँपिअर खेचतो. एकदा पेटला की हीटर एक-दोन अँपिअरवर रात्र काढतो. म्हणजे खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन मिनिटांची.

बॅटरीवर मोजून "बारा पॉइंट दोन आहे की!" असं म्हणू नका. मीटरची टोकं हीटरच्या कनेक्टरवर लावा आणि ग्लो प्लग चालू असताना आकडा बघा. साडेदहाच्या खाली जात असेल तर चोर सापडला.

हिशेब करून बघा. बॅटरीपासून हीटर चार मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. घरात दिव्यांना वापरतात ती दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर टाकली असेल तर दहा अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वायरच खाते. चारची वायर टाकली तर साधारण ०.३५. पुण्यात हा फरक जाणवत नाही. पण थंडीत लेड-ॲसिड बॅटरीचा जोर ओसरतो, भाराखाली ती ११.३ ला बसते, त्यातून ०.९ गेले की हीटरच्या हातात १०.४ पडतात आणि तो दार लावून घेतो. सकाळी उन्हात बॅटरी शेकली, सोलरने थोडं भरलं की तोच हीटर गुणी बाळासारखा सुरू. दुसऱ्या लक्षणाचं निम्मं उत्तर हे आहे.

वायर ठीक असेल तर फ्यूज होल्डर हाताने दाबून बघा. हीटरसोबत येणारे प्लास्टिकचे होल्डर हलक्या दर्जाचे असतात. आतली पत्ती सैल पडते, तापते आणि प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. माझा होल्डर बोटाला चटका देत होता. नाना पेठेत जाऊन जाड पत्तीचा होल्डर आणि क्रिंप केलेले लग आणले, सगळं मिळून एका जेवणाच्या खर्चात. अर्थची वायर बॉडीला रंगावरच बोल्ट केलेली असेल तर रंग खरवडून पुन्हा बसवा.

बॅटरी लिथियमची असेल तर वेगळी गोम आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखालीही वीज देते, पण शून्याखाली चार्ज घेऊ देणं तिच्यासाठी घातक असतं, म्हणून तिचं बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं आतलं सर्किट) चार्जिंग बंद करतं. तुम्ही दिवसभर गाडी चालवली, सोलर तळपला, आणि तरी रात्री बॅटरी अर्धीच. तिला गाडीच्या आत, झोपतो त्याच भागात ठेवा.

एक वाईट सवय मोडा: हीटर मेन स्विचने कधीही बंद करू नका. कंट्रोलरवरून बंद केल्यावर पंखा पाच-सहा मिनिटं फिरत राहतो आणि भांडं थंड करतो. मध्येच वीज तोडली की आतली उष्णता आतच अडकते, सेन्सर आणि वायरी शिजतात.

डिझेल

जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला जायचं तर मनालीकडची कुंझुम खिंड बंद असते, म्हणून शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असा किन्नौरचा रस्ता धरावा लागतो. रामपूर सतलजकाठी, जेमतेम हजार मीटरवर. तिथे आम्ही टाकी फुल केली आणि तिसऱ्या दिवशी स्पितीतल्या काझा गावात पोचलो. रात्री पावणेतीनला मला जाग आली ती थंडीने नव्हे, शांततेने. पंपाची टक-टक थांबली होती. मेहुणा अंधारातच म्हणाला, "दाजी, हीटर गेला वाटतं." थर्मामीटर उणे अठरा दाखवत होता. टॉर्च घेऊन खाली वाकलो तर पारदर्शक फिल्टरमध्ये डिझेल नव्हतंच, पातळ तुपासारखं पांढुरकं काहीतरी होतं.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण बनतात आणि सगळ्यात आधी फिल्टरची जाळी बुजवतात. टाकीतलं डिझेल अजून हलत असतं, पण दोन मिलिमीटरच्या नळीतून ते जात नाही. इंजिनाच्या मदतीला त्याच्यातून टाकीकडे परत जाणारं गरम डिझेल असतं, हीटरच्या बिचाऱ्या नळीकडे काहीच नसतं. म्हणून गाडी सुरू होते आणि हीटर होत नाही, आणि आपण हीटरला दोष देतो.

उपाय तेव्हापुरता: थर्मासमधल्या गरम पाण्यात फडकं भिजवून फिल्टर आणि पंपाभोवती गुंडाळा. दहा मिनिटांत पांढुरकेपणा जातो. नळी बदलू नका, फुंकू नका. ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात तसं तर चुकूनही करू नका. त्यांच्या लोखंडी टाकीखाली ते कसंबसं निभावतं, तुमच्याकडे प्लास्टिकची टाकी आणि फोम आहे.

कायमचा उपाय: डिझेल वरचं, म्हणजे उंचावरच्या थंड भागातल्या पंपावरचं, भरा. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पानिपतच्या रिफायनरीत ते बनतं. लडाखच्या थंडीत जाणाऱ्याने पंपावर ते आहे का हे आवर्जून विचारावं. हीटरला वेगळी छोटी टाकी ठेवण्याचा मोठा फायदा इथेच: मैदानातलं डिझेल काढून त्यात फक्त वरचं भरता येतं. केरोसीन मिसळण्याचा सल्ला प्रत्येक ढाब्यावर मिळतो. बीएस-६ गाडीच्या मुख्य टाकीत ते घालाल तर इंजेक्टर आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरची वाट लागेल, वर डिझेलमध्ये केरोसीन मिसळणं ही भेसळच.

एसीच्या तांब्याच्या पाइपाला घालतात तो काळा फोम मी हीटरच्या नळीला घातला आहे. खरं सांगायचं तर त्याने ऊब निर्माण होत नाही, फक्त गोठायला उशीर होतो. गाडी संध्याकाळी सातला उभी केली तर पहाटेच्या तीनऐवजी पाच वाजतात, इतकंच.

मेण नसेल तर हवेचे बुडबुडे बघा. पंप आडवा बसवलेला असेल तर बुडबुडा आत अडकतो आणि ज्योत मध्येच विझते. पंपाचं बाहेर जाणारं टोक वर, साधारण तीस अंशांच्या कोनात हवं. सोबत येणारी हिरवट मऊ नळी थंडीत कडक होते आणि जोडावर हवा ओढते. तिच्याजागी पांढरी कडक नायलॉनची नळी टाका आणि जोडात दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. टोकांमध्ये फट राहिली की तिथे बुडबुडे साचतात.

उंची

वायर झाली, डिझेल झालं, तरी काळा धूर येतोय? मग हवा. काझा ३,७०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. पंखा तितकेच फेरे मारतो, पण दर फेऱ्याला प्राणवायू एक तृतीयांश कमी. पंपाला हे कळत नाही, तो पुण्यातलं डिझेल पाठवत राहतो. जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काजळी होतं, काजळी ग्लो प्लगमागच्या जाळीवर बसते, आणि काही रात्रींनंतर हीटर पेटेनासा होतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल पेटलंच नाही, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान झालं.

काही नव्या कंट्रोलरना उंचीची वेगळी सेटिंग असते. असेल तर तीच वापरा. नसेल तर पंपाचा वेग हाताने कमी करावा लागतो. माझ्याकडे फुलवर पंप सेकंदाला पाच टोले देतो, काझात मी तो ३.८ वर आणला आणि पंख्याला हात लावला नाही. तुमचा आकडा वेगळा असेल. थोडा थोडा कमी करा, दहा मिनिटं थांबा, धुराकडे बघा, मग पुढे. आधीचा आकडा कागदावर लिहून हीटरवर चिकटवा. उतरल्यावर तो परत करायचा असतो आणि माणूस विसरतो.

काजळीचं दुसरं कारण आपली काटकसर. पाच किलोवॅटचा हीटर छोट्या गाडीत रात्रभर सगळ्यात खालच्या सेटिंगवर चालतो, भांडं पुरेसं तापत नाही आणि काजळी धरते. मारुती ईको किंवा तत्सम गाडी असेल तर दोन किलोवॅटचाच हीटर घ्या, मोठा घेऊन रडू नका. आणि रोज बंद करण्याआधी वीस मिनिटं फुलवर चालवा, बरीचशी काजळी आतच जळून जाते.

ग्लो प्लग, आणि त्याच्यापुढे नाही

इथपर्यंत येऊनही पेटत नसेल तर ग्लो प्लग. कनेक्टर काढून ओम मोजा. एकाच्या आसपास काहीतरी दिसलं तर तार शाबूत आहे, काहीच दिसलं नाही तर प्लग गेला. प्लग खास पान्याने निघतो आणि त्याच्यामागे बारीक जाळीची टोपी असते. ती काजळीने बुजली असेल तर घासत बसू नका, नवी घाला, स्वस्त असते. मी कायम एक प्लग आणि दोन जाळ्या सोबत ठेवतो.

पेटवायचे प्रयत्न मोजून करा. दोन फसले की थांबा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेलं डिझेल भांड्यात साचतं, आणि पाचव्या वेळी पेट घेतो तेव्हा ते सगळं एकदम भडकतं. नळीतून भप्पकन ज्वाळा आलेली मी पाहिली आहे.

थांबायचं कुठे

जळणाऱ्या भांड्याचे बोल्ट स्वतः उघडू नका. त्याच्या आत गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद करणारी चकती, असतं, ते एकदा उघडलं की नवंच घालावं लागतं. नीट बसलं नाही तर मघाशी म्हटलं ते होतं: दोन हवा एकमेकींना भेटतात आणि कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या जागेत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो.

काझाच्या त्याच ट्रिपमध्ये मेहुण्याचं डोकं दोन दिवस दुखत होतं, मळमळत होतं. सगळ्यांनी एकच निदान केलं, उंची. मीसुद्धा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाहेर चालून आलो की बरं वाटतं, गाडीत बसलो की परत जड होतं." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. उंचीचा त्रास असा दार उघडल्यावर जात नाही. खाली वाकून बघितलं तर खडबडीत रस्त्याने धुराच्या नळीची क्लॅम्प सैल झाली होती आणि जोड नेमका फरशीतल्या वायरिंगच्या भोकाखाली होता. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता आमच्याकडे. कपाटात, डब्यात, बॅटरी न घातलेला.

तेव्हा: उशीजवळ अलार्म, गाड्या-बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा, चालू अवस्थेत. तो वाजला, किंवा एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर उंची की गॅस यावर चर्चा करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, हीटर बंद, दारं उघडी, आणि बरं वाटत नसेल तर थेट दवाखाना. तो हीटर जाणकाराने बघितल्याशिवाय परत लावायचा नाही. त्या रात्री शेगडी, गॅस किंवा बंद गाडीत अंगीठी हा पर्याय नाही, कारण विष तेच आहे. इंजिन रात्रभर चालू ठेवणंही नाही. होमस्टेचं दार वाजवा, स्पितीत कुणी थंडीत उभं ठेवत नाही.

जाणकाराकडे न्यायची बाकी कारणं थोडकी आहेत. आत धुराचा वास, भांड्याला तडा, वायरी वितळलेल्या, किंवा व्होल्टेज आणि डिझेल दोन्ही ठीक असताना पुन्हा पुन्हा तोच एरर. नेहमीचा गॅरेजवाला चालणार नाही. तो इंजिनात हुशार असतो, पण गॅस्केटऐवजी सिलिकॉन फासून देतो. असे हीटर रोज बसवणारा माणूस शोधा आणि जाताना त्याला चार आकडे द्या: पेटवताना कनेक्टरवर किती व्होल्ट, धुराचा रंग, कोणत्या उंचीवर बंद पडला, पंपाची सेटिंग काय होती. मला शेवटच्या वेळी हे चार आकडे ऐकूनच समोरच्याने हीटर न उघडता सांगितलं, "पंखा दमलाय, बेअरिंग बघू." सातपैकी तो एकच खरा बिघाड.